पिंजऱ्यांच्या आधीची बाग

मुंबईत मुलांना घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न दर सुट्टीत घराघरांत निघतो आणि त्याची उत्तरंही ठरलेली असतात. चौपाटी, म्हातारीचा बूट, राणीची बाग. मग कुणीतरी म्हणतं, हे सगळं पाहून झालंय, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं काही तरी सांगा. माझं म्हणणं असं की ते ठाऊक नसलेलं शोधायला भायखळ्यातल्या राणीच्या बागेच्या फाटकाबाहेर पडायचीही गरज नाही. मुंबईतली सगळ्यांत कमी पाहिलेली जागा मुंबईतल्या सगळ्यांत जास्त पाहिलेल्या जागेच्या आतच आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण राणीच्या बागेत गेलो ते वाघ, हत्ती, पाणघोडा बघायला, आणि अलीकडे पेंग्विन बघायला. पण ही बाग प्राण्यांसाठी उभारलेली नव्हती. ती झाडांसाठी आणि तिच्या कडेच्या संग्रहालयासाठी उभी राहिली. प्राणी आले अठ्ठावीस वर्षांनी, आणि त्यांनी बागेचं नाव, तिची आठवण, तिची वाट सगळं व्यापून टाकलं. हे कसं झालं ते समजून घेतलं तर मुलांना तिथे काय दाखवावं याचं उत्तरही हाती लागतं.

सुरुवात भायखळ्यात होत नाही, शिवडीत होते. १८३० मध्ये मुंबईत 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन झाली आणि तिने शिवडीला वनस्पतींची बाग धरली. या बागेची देखरेख ज्यांच्याकडे होती ते जॉन ग्रॅहम पेशाने टपाल खात्यातले अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या झाडांची पहिली मोठी यादी त्यांनी केली. ती १८३९ मध्ये छापून बाहेर पडली, पण त्याच वर्षी ग्रॅहम खंडाळ्याला वारले आणि उरलेलं काम त्यांचे स्नेही जोसेफ निमो यांनी पुरं केलं. पश्चिम घाटात मिळणाऱ्या नरक्या या औषधी झाडाच्या शास्त्रीय नावात 'निमोनियाना' असा शब्द आहे, तो या निमोंचा. टपालखात्यातला एक माणूस फावल्या वेळात शहराच्या झाडांची नोंदवही करतो आणि मित्र ती त्याच्यामागे पूर्ण करतो, हा राणीच्या बागेचा खरा उगम आहे. पुढे १८६० च्या दशकात मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीच्या जमिनीवर युरोपियनांची दफनभूमी वसवली. ती आजही तिथेच आहे. झाडांना दुसरं घर हवं झालं. माझगाव-भायखळ्याच्या बाजूची 'माउंट इस्टेट' ही वाडी त्यासाठी घेतली होती, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तेहतीस एकरांवरच्या 'व्हिक्टोरिया गार्डन्स'चं उद्‌घाटन झालं. लोकांनी व्हिक्टोरिया हे नाव जिभेवर घोळवत बसण्याऐवजी सरळ 'राणीची बाग' म्हणायला सुरुवात केली. पुढे पालिकेने वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं, तरी बोलण्यात राणीची बाग ती राणीची बागच राहिली.

त्याच दिवशी, त्याच आवारात आणखी एक समारंभ झाला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला बसवली. या संग्रहालयाचीही आधीची हकिगत आहे. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा झाल्या होत्या. त्यांचे जोडनमुने इथे ठेवून १८५७ मध्ये फोर्टातल्या टाउन बराकीत एक संग्रहालय सुरू झालं. पण ते वर्ष उठावाचं. बराक फौजेला हवी झाली, वस्तू बाहेर काढून टाकल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ नासल्या. त्यातून जे वाचलं ते टाउन हॉलमध्ये आलं आणि डॉक्टर जॉर्ज बर्डवुड त्याचे क्युरेटर झाले. १८५८ च्या डिसेंबरात टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि लोकवर्गणीतून नवी इमारत बांधायचं ठरलं. वर्गणी गोळा करण्याच्या खटपटीत नाना शंकरशेट आणि डेव्हिड ससून होते, आणि बर्डवुड यांच्याबरोबर चिटणीस म्हणून राबले ते डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याहून आलेल्या घरातला हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला, अजिंठ्याचे शिलालेख वाचत बसला, महारोगावर औषध शोधत राहिला. इमारत मात्र रेंगाळली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला आलेला भाव १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला आणि त्याखाली शहरातली भलीभली घराणी गेली. भाऊ दाजींचीही पुंजी त्यात बुडाली. कोनशिलेनंतर दहा वर्षांनी, २ मे १८७२ रोजी, संग्रहालय लोकांसाठी उघडलं. पुढल्याच वर्षी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीही डबघाईला आली आणि बाग नव्यानेच स्थापन झालेल्या नगरपालिकेकडे गेली.

म्हणजे मूळ कल्पना अशी होती: एका बाजूला जिवंत झाडं, दुसऱ्या बाजूला त्याच झाडांपासून, मातीपासून, धातूपासून माणसाने काय काय केलं त्याचे नमुने, आणि दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर. बर्डवुड यांची नजर व्यापाराच्या मालावर होती, हे खरंच आहे. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी केली तिच्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधांची यादीही जोडली, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानदाराला ठाऊक असलेली नावं त्यांना महत्त्वाची वाटली. साम्राज्याला कच्चा माल कुठे काय मिळतो ते पाहिजे होतं आणि अशा बागा, अशी संग्रहालयं हा त्या शोधाचा भाग होता. कलकत्त्याची बाग १७८७ ची, श्रीलंकेतल्या पेरादेनियाची १८२१ ची. या बागा एकमेकींना रोपं धाडत. १८३० नंतर बंद काचेच्या पेट्या निघाल्या आणि दूरच्या सागरप्रवासातही रोप जगू लागलं. राणीच्या बागेत दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ब्रह्मदेश शेजारी शेजारी उभे आहेत ते याच देवघेवीमुळे.

यावर एक आक्षेप लगेच येईल. जी बाग राणीच्या नावाने, साम्राज्याच्या सोयीसाठी घातली, तिचं कौतुक आपण का करावं? हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. संग्रहालयातल्या मातीच्या छोट्या पुतळ्या पाहिल्या तर तो अधिकच पटतो. इथल्या माणसांना जातीनुसार, धंद्यानुसार, पागोट्यानुसार वेगळं करून, झाडाच्या नमुन्यासारखं काचेच्या कपाटात मांडलेलं आहे. पण कोणती जागा कुणी का बांधली यावर त्या जागेची गोष्ट संपत नाही. तिचा उपयोग कुणी कसा केला हेही पाहावं लागतं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण या संग्रहालयात जमले आणि त्यांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकी एक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि मुंबईच्या औषधी वनस्पतींची यादी लिहिणारे डॉ. सखाराम अर्जुन. भारतातल्या पक्ष्या-प्राण्यांच्या अभ्यासाची एक मोठी संस्था पहिल्यांदा या छपराखाली बसली, आणि ती बसवणाऱ्यांत देशी वैद्यक जाणणारी माणसं होती. भाऊ दाजींनाही संग्रहालय हवं होतं ते इंग्रजांना माल दाखवायला नव्हे. आपल्या लोकांना आपला देश डोळ्यांनी दिसावा, ही त्या पिढीची तळमळ होती. तेव्हा मुलांना इथे न्यायचं ते साम्राज्याची पूजा करायला नव्हे, तर एकाच जागेवर दोन हेतू कसे भांडतात ते दाखवायला. पागोट्यांच्या कपाटासमोर उभं राहून 'यांना असं वेगवेगळं कुणी केलं असेल?' हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलालाही विचारता येतो, आणि मुलं त्याला मोठ्यांपेक्षा सरळ उत्तर देतात.

मग बागेची ही मूळ कल्पना लोकांच्या आठवणीतून गेली कशी? इथे १८९० हे साल मधोमध उभं आहे. त्या वर्षी बागेला आणखी पंधरा एकर जोडून तिथे प्राणिसंग्रहालय करण्यात आलं. आणि त्याच वर्षी, १० जून १८९० ला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या चळवळीला यश येऊन मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. या दोन गोष्टी एकमेकींमुळे घडल्या असं मी म्हणत नाही. पण त्यांची भेट मात्र जबरदस्त झाली. त्याआधी गिरणीकामगाराच्या घरात 'सहल' नावाची गोष्ट असणार कुठून? १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' निघालं, तेव्हाच्या मुंबईत कुटुंबाने मिळून बाहेर पडायचं ते महालक्ष्मीला, वाळकेश्वरला, माउंट मेरीच्या जत्रेला, नारळी पौर्णिमेला समुद्रावर. बाहेर पडायला देव किंवा सण लागायचा. आठवड्याची ठरलेली मोकळीक मिळाली आणि पहिल्यांदाच काहीही निमित्त नसताना, केवळ पोरांना गंमत दाखवायला घराबाहेर पडणं शक्य झालं. लालबाग, परळ, चिंचपोकळी, माझगावच्या चाळींमधून चालत जाता येईल इतक्या अंतरावर झाडांची सावली होती. आणि त्या सावलीत आता वाघ होता.

झाडं मागे पडली त्याचं कारण माझ्या मते मुलांना झाडं आवडत नाहीत हे नव्हतं. कारण भाषेचं होतं. हत्तीला पाटी लागत नाही. वाघ लहान मुलाला त्याच्या आजीने आधीच सांगितलेला असतो, सिंह पोथीतल्या चित्रात पाहिलेला असतो. पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की 'तो बघ' एवढे दोन शब्द पुरतात. झाडासमोर मात्र नाव लागतं, आणि त्या नावाला जोडलेली गोष्ट लागते. वनस्पतिशास्त्राने झाडांना दिलेलं नाव लॅटिनमध्ये होतं, त्याची माहिती इंग्रजीत होती, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या ज्या माणसाला आपल्या गावच्या रानातली शंभर झाडं पानावरून ओळखता येत होती, त्याला या बागेतली परकी झाडं परकीच राहिली. ज्यांना झाडांविषयी सगळ्यांत जास्त ठाऊक होतं त्यांच्याशीच ही बाग बोलली नाही. विंदा करंदीकरांनी आपल्या एका बालकवितासंग्रहाला 'राणीची बाग' हे नाव दिलं. हे नाव मराठी बालपणात किती खोल गेलं आहे ते त्यावरून कळतं. पण त्या नावानिशी मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर झाड उभं राहत नाही, प्राणी उभा राहतो.

यातली दुःखाची गोष्ट अशी की नावं होती. मराठीत होती, आणि लॅटिनपेक्षा सरस होती. कैलासपतीचं उदाहरण घ्या. हे झाड दक्षिण अमेरिकेचं. बहुतेक झाडांची फुलं फांद्यांवर येतात, याची फुलं थेट बुंध्याला येतात. जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत खोडातून लोंबत्या देठांची जाळी बाहेर पडते आणि तिच्यावर तळहाताएवढी, जाड पाकळ्यांची, गुलाबी-तांबूस फुलं लागतात. फूल हातात घेऊन मुलाला आत बघायला सांगावं. मधोमध एक बारीकसा उंचवटा, आणि त्याच्यावर एका बाजूने वळून आलेली केसरांची फणी. शिवलिंगावर नागाने फणा धरावा तशी. हे पाहून आपल्या लोकांनी त्याला कैलासपती म्हटलं. इंग्रजांनी पाहिलं ते फळ, कारण फळ गोल, तपकिरी, जड, हुबेहूब तोफेच्या गोळ्यासारखं. म्हणून त्यांनी तोफगोळ्याचं नाव दिलं. एकाच झाडात एकाला देव दिसला आणि दुसऱ्याला दारूगोळा. वर्गातल्या इतिहासाच्या तासाला जे सांगायला आठवडा लागेल ते इथे एका झाडाखाली दहा मिनिटांत सांगून होतं. फूल गोड वासाचं आणि फोडलेलं फळ नाक धरायला लावणारं, हेही मुलांना सांगायचं. ती तेच सगळ्यांत जास्त लक्षात ठेवतात.

ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी दुसरी. तिच्या शास्त्रीय नावात एका इंग्रज गव्हर्नर जनरलच्या बायकोचं नाव आहे, लेडी ॲम्हर्स्टचं. आपण मात्र तिला अप्सरा केलं. फुलांचे लांब झुपके खाली लोंबतात, लाल पाकळ्यांवर पिवळे ठिपके असतात, आणि तिचं बी रुजायला फार कुरकुर करतं, म्हणून ती कुठेही सहज दिसत नाही. सीतेचा अशोक इथे आहे. आपण ज्याला रस्तोरस्ती अशोक म्हणून लावतो तो उंच सरळसोट आसोपालव वेगळा आणि रामायणातला अशोक वेगळा, हे समजायला दोन्ही शेजारी पाहावे लागतात. आणि गोरखचिंच. आफ्रिकेतून अरब-पोर्तुगीज दर्यावर्दींच्या हातून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेलं हे झाड गोरखनाथांच्या नावाने इतकं मराठी झालं की ते परकं आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. बुंधा हत्तीच्या पायासारखा, राखाडी, सुरकुतलेला. आतलं लाकूड भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारं. उन्हाळ्यात पानं झडली की वाटतं झाड उलटं रोवलंय आणि मुळं आभाळात गेलीत. फळातला गर आंबट, म्हणून चिंच. बागेतल्या झाडांची मोजदाद अलीकडे नागरिकांनीच केली. वेगवेगळ्या जातींचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला आणि एकूण झाडं तीन हजारांहून जास्त भरली. मुंबईच्या मध्यावर इतक्या जातींची झाडं एका कुंपणात असणं ही मोठी श्रीमंती आहे.

आता दुसरा आक्षेप, व्यवहारी माणसाचा. मुलांना हलणारं, धावणारं काहीतरी लागतं. झाडापुढे पोर दोन मिनिटं उभं राहणार नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने पिंजऱ्यापुढचं मूल नीट पाहिलेलं नसतं. वाघ दुपारी झोपलेला असतो. गर्दी ढकलत पुढे नेते. 'उठव ना त्याला' म्हणून मूल हट्ट करतं, कुणीतरी शिट्टी मारतं, आणि दोन मिनिटांत सगळे पुढच्या पिंजऱ्याकडे. प्राण्यापुढे मूल प्रेक्षक असतं आणि तेही लांबचं. झाडापाशी त्याला हात लावता येतो, पडलेलं पान उचलता येतं, बुंध्याला कवळ घालून किती जण लागतात ते मोजता येतं. लहान मुलाची समज हातातून वाढते, हे बालवाडीच्या कोणत्याही बाईंना विचारावं. हत्तीची स्वारी बागेत होती तोवर मुलांना प्राण्याचा स्पर्श तरी मिळत होता. ती बंद झाली हे हत्तीच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण त्यानंतर प्राणी हा केवळ काचेमागचा किंवा गजांमागचा देखावा उरला. हलणं-धावणं मुलांचं असू द्यावं. सातविणीचं पान शोध, एकाच जागेवरून गोलाकार सात पानं फुटली आहेत का मोज, पिंपळाचं पान आणि पारोशाभेंडीचं पान यांत फरक काय ते सांग, अशी शोधाशोध लावून दिली तर दोन तास कुठे गेले ते कळत नाही, आणि आई-वडिलांनाही त्यात भाग घ्यावाच लागतो, कारण उत्तर त्यांनाही येत नसतं. आजी-आजोबा गावाकडचे असतील तर त्या दिवसापुरते तेच घरातले सगळ्यांत जाणते ठरतात. माझ्या मते हाच या सहलीचा सगळ्यांत मोठा लाभ.

प्राणी नकोतच असं माझं म्हणणं नाही, आणि पालिकेचा हिशेबही समजण्यासारखा आहे. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढल्या वर्षी ते लोकांना पाहायला मिळाले आणि गर्दी उसळली. त्याच वर्षी प्रवेशाचे पाच रुपयांचे पन्नास झाले. गर्दीने पैसे येतात, पैशांनी बाग राखली जाते, हा युक्तिवाद चुकीचा नाही. चुकीचं होतं ते तेव्हा, जेव्हा गर्दीसाठी झाडं बाजूला सारायचा विचार होतो. २००७ मध्ये बागेचं रूप पार बदलून परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायची योजना पुढे आली, तेव्हा झाडं वाचवायला काही नागरिक उभे राहिले. वर ज्या मोजदादीचा उल्लेख केला ती याच लढ्यातून निघाली. झाडांची नावं, जागा, संख्या कागदावर आली तेव्हाच 'इथे काय आहे' हे पटवून देता आलं. ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये जे केलं तेच पावणेदोनशे वर्षांनी मुंबईकरांना पुन्हा करावं लागलं. ज्या झाडाला नाव नाही ते तोडताना कुणाचा हात थरथरत नाही. म्हणून मुलाने पाच झाडं नावानिशी ओळखणं हा नुसता छंद राहत नाही.

संग्रहालयाच्या बाबतीतही लोकांचं विस्मरण असंच झालं, पण तिथे ते अंशतः भरून निघालं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं, पण इमारतीची दशा तोवर बिकट होत गेली. या शतकाच्या सुरुवातीला तिचा जीर्णोद्धार झाला, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. आत शिरल्यावर ओतीव लोखंडाचे खांब आणि सोनेरी-हिरवी नक्षी पाहून मुलं गप्प होतात, हे खरं. पण ती रमतात वरच्या मजल्यावर. तिथे मुंबईची घडण सांगणारे नकाशे आहेत, आणि पश्चिम किनाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांच्या, मचव्यांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. सात बेटांमधलं पाणी कसं भरत गेलं हे नकाशावर बोटाने दाखवता येतं: हे माझगाव, हे परळ, आणि आपण आत्ता उभे आहोत ती जमीन या दोहोंच्या मधल्या सखल भागाला लागून. भायखळ्यात उभं राहून मुलाला हे कळणं म्हणजे पायाखालची जमीन कळणं. बाहेर बागेच्या दाराशी डेव्हिड ससून यांच्या नावाचा १८६५ चा घड्याळमनोरा आहे, त्याच्या चारही बाजूंना तबकड्या.

आणि संग्रहालयाशेजारच्या हिरवळीवर दगडाचा हत्ती. राणीच्या बागेतला हा पहिला हत्ती, जिवंत हत्तींच्याही आधीचा, आणि मला वाटतं सगळ्यांत गोष्टीवेल्हाळ. घारापुरीच्या बंदराजवळ तो उभा होता. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं, म्हणजे ज्या नावाने जग आज ती लेणी ओळखतं ते या दगडावरून आलं. १८१४ मध्ये त्याचं मस्तक निखळलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं घाटलं. उचलताना यारी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. इंग्लंडला जायचं राहिलं. तुकडे राणीच्या बागेत आले आणि पन्नास वर्षं पडून राहिले. १९१४ मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं गेलं. कुठे सांधा आहे ते शोधायला मुलांना लावावं, ती हत्तीभोवती दहा फेऱ्या घालतील. शेजारीच, आवारात, राणीचा आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे पुतळे आहेत. १९६५ मध्ये शहरातल्या चौकांतून हलवलेल्या पुतळ्यांपैकी काळ्या घोड्यावर बसलेला सातवा एडवर्डही इथेच आला. म्हणजे काळा घोडा या भागाला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो घोडा काळा घोड्यात नाही, भायखळ्यात आहे. नाव एका जागी आणि वस्तू दुसऱ्या जागी. घारापुरीच्या हत्तीचं आणि या घोड्याचं नशीब किती सारखं, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. एकाला इंग्रजांनी बेटावरून आणलं, दुसऱ्याला आपण चौकातून. दोघे आता एकाच आवारात शेजारी झाले आहेत.

शेवटचा आक्षेप वेळेचा. रविवारी तोबा गर्दी, झाड पाहायला जागा नाही, बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद. याला उपाय सकाळचा. जून-जुलैत, पहिले पाऊस होऊन गेले की गोरखचिंचेला फुलं येतात. ती दिवसा उमलत नाहीत. बागेचं फाटक लागल्यावर, अंधार पडल्यावर लांब देठावर उलटी लोंबणारी कळी उघडते, मोठी, पांढरी, मध्ये केसरांचा गोंडा. वटवाघळं रात्री येतात, मध पितात, पराग घेऊन जातात. उजाडेपर्यंत पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडायला लागतात आणि फूल खाली येतं. बाग उघडल्या उघडल्या पोहोचलं तर ओल्या मातीवर, बुंध्याच्या सुरकुत्यांजवळ, ते पडलेलं सापडतं. ओंजळीत जेमतेम मावेल एवढं, वजनदार, अजून गार.